चाकांवरच्या घरात तुळसाआत्या

तुळसाआत्याला "कॉफी घेणार?" असं विचारायचं नसतं. विचारलंत तर ती आधी तुमच्याकडे बघते, मग तुमच्या हातातल्या टोपाकडे बघते आणि म्हणते, "घेईन. पन तू बनवनार असशील तर नको."

पोलादपुरात एका साखरपुड्याला कोणीतरी हौसेनं दूध, पाणी, साखर, पावडर सगळं एकाच टोपात घालून खदखदा उकळलं आणि आत्याच्या हातात दिलं. आत्यानं एक घोट घेतला, गिळला (तेवढी रीत तिला कळते) आणि विचारलं, "काय गो, ह्यात आधी कपडे भिजवले होतेस काय?" विचारलं ते नेमकं नवरीच्या आईला. ती बाई अजून आमच्या वाडीवरून जाते तेव्हा मान दुसरीकडे करून जाते.

आत्याच्या रागाला पट्ट्या आहेत. खालच्या पट्टीत ती वाडीचंच बोलते, "हाय, नाय, कशाला, मर मेल्या." पट्टी वर गेली की हिंदी सुरू होतं, "क्या है ये? कॉफी है के गटर है?" आणि अगदी टोकाला गेली की आवाज एकदम खाली येतो, मराठी शुद्ध होतं आणि समोरच्याला ती "आपण" म्हणायला लागते. "आपण जरा बाहेर व्हा." हे ऐकलं की कुत्रीसुद्धा अंगणातून उठतात.

हे हिंदी आणि हे "आपण" ती मुंबईहून घेऊन आली. आत्याचे यजमान, आमचे काका, तिथं गोदीत कामाला होते. ते वारले तेव्हा आत्या तिशीत होती, मूलबाळ नव्हतं. काकांच्या ओळखीनं तिला फोर्टातल्या एका कचेरीच्या पँट्रीत कप धुवायचं काम मिळालं. तिथं राघवन नावाचे मोठे साहेब होते. कॉफी बनवणारा माणूस एक दिवस आलाच नाही, म्हणून आत्यानं बनवली. कप भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशी भरलेला परत आला. साहेब ओरडत नसत, तक्रार करत नसत, नुसता कप परत पाठवत. "शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं," आत्या सांगते. "तो भरलेला कप बघून मला असा राग यायचा, असा राग यायचा, की वाटायचं तोच कप नेऊन त्याच्या टकलावर ओतावा."

मग एके दिवशी साहेब स्वतः पँट्रीत आले, बाह्या वर केल्या, पातळ फडक्यात पावडर घेतली, उकळी उतरलेलं पाणी तिच्यावर धार धरून ओतलं आणि घड्याळ बघत उभे राहिले. आत्यानं कपाला हात घातला तर म्हणाले, "तुळसा, वेट." चार मिनिटं. बावीस वर्षं आत्यानं ती चार मिनिटं पाळली.

वाडीवर परत आली तेव्हा ते फडकंही बरोबर आलं. घरातली तिची कॉफी बघण्यासारखी असते. पाणी उकळलं की खाली उतरवायचं आणि बुडबुडे बसू द्यायचे. "उकळतं पानी घातलंस तर पावडर जळते, मग कडू कडू करून साखर ओतत बसा." काढा फडक्यातून आपोआप उतरू द्यायचा, पिळायचा नाही. दूध वेगळं तापवायचं, काढा परत चुलीवर चढवायचा नाही. शेवटी जायफळ, खवणीवर दोनदा, तिसऱ्यांदा नाही. पावडर एका मोठ्या डब्यात कधीच ठेवायची नाही, चार छोट्या बाटल्यांत ठेवायची, कारण आमच्याकडच्या दमट हवेत डबा रोज उघडला की आठ दिवसांत पावडरीचं ढेकूळ होतं. कोणी ओला चमचा बाटलीत घातला की आत्याची पट्टी थेट हिंदीत.

आता किशोरदादा. हा माझा चुलतभाऊ. त्याला आत्यानंच मुंबईला आपल्या खोलीवर ठेवून शिकवलं. पुढे तो एका शेठच्या गाडीवर ड्रायव्हर झाला. बायको आणि पोरगी वाडीवर, हा तिकडे. गणपतीला आणि शिमग्याला तोंड दिसायचं. गेल्या वर्षी तो नोकरी सोडून आला. आत्यानं आपला फंड काढून दिला आणि दोघांनी मिळून एक जुनी बारा सीटची गाडी घेतली. महाडच्या गॅरेजात तिच्या सीटा काढून आत पलंग, मोरी, पाण्याची टाकी, काचेची शेगडी बसवली. मोटारहोम! रायगड बघायला, महाबळेश्वरला जायला लोक अशी गाडी भाड्यानं घेतात म्हणे.

पण गिऱ्हाईक आणणार कोण? पुण्याची एक कंपनी अशा गाड्यांची यादी ठेवते. त्यांचा माणूस येऊन एक दिवस गाडीतून फिरणार, पास केली तर यादीत नाव. नापास केली तर शेठचा निरोप तयारच होता, "एक तारखेपासून ये." आत्याला हा निरोप कळला तेव्हा ती चुलीशी होती. फुंकणी हातात तशीच. "नाय जायचा. मुंबईच्या त्या खोलीत मी बावीस वर्षं काढलीत. पोरीचं तोंड बघायला हा सुट्टी मागत फिरनार? नाय जायचा." त्या दिवसापासून गाडी पास होणं हे दादापेक्षा तिचंच काम झालं.

कंपनीचं माणूस यायच्या आदल्या दिवशी गाडी वाडीवर आणली. हार घातला, लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला. इथंच थांबायचं ना? पण गावकीचे म्होरके येसाजीआजोबा काठी टेकत आत शिरले, पलंग दाबून बघितला आणि बाहेर येऊन चौकशी सुरू केली.

"किशोर, ह्यात निजायचं काय?"

"होय आजोबा. चौघं निजतात."

"रांधायचं?"

"होय."

"आनि ती... मोरी?"

"ती पन हाय."

आजोबांनी काठी आपटली. "मग ही गाडी नाय. घर हाय. घराला दूध उतू घालायला पायजे."

"घर हाय तर घरपट्टी पन लावा," आत्या फणकारली. "चाकं मोजून लावा."

"चेष्टा नको गो तुळसा. नव्या घरात दूध उतू नाय गेलं तर बरकत र्‍हात नाय."

"माज्या हातून बावीस वर्षांत थेंब उतू गेला नाय. आनि आता मुद्दाम घालू?"

"तुजी बावीस. माजी चौऱ्याऐंशी."

सगळ्या बाया मागून बोलायला लागल्या. घाल गो, शुभ असतं. घाल ना, काय होतं. आत्या ठाम नाही म्हणाली असती तर पुढचं काही झालं नसतं, हे ती स्वतःच आता दिवसातून दोनदा सांगते. पण दादाच्या बायकोनं, रूपालीवहिनीनं, हळूच म्हटलं, "आत्या, घाला की. हे इथं राहायला पायजेत ना?" आणि आत्या गाडीत चढली.

काचेच्या शेगडीवर टोप चढला. दूध वर आलं. आत्याचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि येसाजीआजोबा दारातून किंचाळले, "हात लावू नको! जाऊ दे! पूर्वेला, पूर्वेला!" आता गाडी उभी होती आमच्या उतारावर. दूध काय, उताराचं ऐकतं. ते पूर्वेला न जाता बटणांच्या फटीत शिरलं, तिथून शेगडीच्या खाली, तिथून वायरींच्या खोक्यात. फट्ट! निळे दिवे गेले, फ्रिजची घरघर थांबली, शेगडी विझली. करपलेल्या दुधाचा वास सुटला.

 मग आजोबाच म्हणाले, "झालं. शुभ झालं."

आत्या गाडीतून उतरली. "येसाजीबुवा," ती हळू आवाजात म्हणाली, "आपण आता घरी जावं." आजोबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, पण त्या दिवशी काठी न टेकता गेले.

संध्याकाळपर्यंत पोलादपूरच्या वायरमननं दिवे आणि फ्रिज चालू केला. शेगडीचा गॅस सोडणारा विजेवरचा भाग मात्र जळला होता, तो पुण्याहून यायचा, आठ दिवस लागणार. आत्या म्हणाली, घरची शेगडी घे. दादा म्हणाला, कंपनीचा नियम आहे, सुटी शेगडी, सुटा सिलिंडर गाडीत दिसला तर जागच्या जागी नापास.

"मग उद्या कंपनीची मॅडम येईल तिला सांग खरं काय ते."

"आत्या, तू काय बोलू नको. मी बघतो."

"काय बघतोस?"

"बघतो ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी महाडहून कंपनीच्या श्रुतिकामॅडम गाडीत बसल्या. वय अठ्ठावीस-तीस, पाठीला सॅक, बोलणं पुण्याचं, मधेमधे इंग्रजी. "ओके, सो, ॲक्च्युअली मला ना फक्त एक नॉर्मल टूरिस्ट समजा." आणि नॉर्मल टूरिस्टानं टाकीचं झाकण उघडून वास घेतला, गादीखाली हात घातला, खिडक्यांच्या कड्या मोजल्या आणि सगळं मोबाइलवर लिहून घेतलं. आत्या मागच्या बाकावर स्टीलचा पाण्याचा कॅन मांडीत धरून बसली होती. टाकीतलं पाणी नव्या प्लॅस्टिकच्या वासाचं, कॉफीला चालत नाही, म्हणून वाडीच्या विहिरीचं आणलेलं. पिशवीत पावडरीची एकच छोटी बाटली, एका दिवसापुरती. मी शेजारी.

नाते गावाच्या पुढे वळणं सुरू झाली तशी मॅडमनी सॅक उघडली. आतून निघालं बिया दळायचं हातानं फिरवायचं छोटं जातं, चिनी मातीचं नरसाळ्यासारखं नाळकं, कागदाची गाळणी आणि सोनाराकडे असतो तसला छोटा काटा. आत्याचे डोळे बारीक झाले.

"ह्या बाटलीत काय, मावशी? कॉफी? अगं बाई, क्यूट! तुम्ही काही त्रास घेऊ नका हं. आमची कॉफी जरा वेगळी असते."

"वेगळी म्हंजे?"

"म्हणजे... मोजून वगैरे करतो आम्ही."

"आनि आमी काय मुठीनं घालतो?"

दादानं आरशातून डोळे वटारले. आत्या खिडकीबाहेर बघायला लागली. तिची मान मागून लाल दिसत होती.

हिरकणीवाडीत रोपवेच्या अलीकडे गाडी थांबली. मॅडम म्हणाल्या, "ग्रेट. आता फक्त गरम पाणी हवंय मला. शेगडी लावता?"

"गॅस संपलाय मॅडम," दादा म्हणाला. अगदी सहज. दात घासल्यासारखं.

"संपला? पण फॉर्ममध्ये तर कालच भरलाय लिहिलंय."

"ते... गळला असेल थोडा."

"गॅस गळतोय?" मॅडम एकदम दरवाज्याकडे सरकल्या. "गाडीत?"

"गळत नाय मॅडम, म्हंजे गळला होता, आता—"

"किशोरराव," आत्या म्हणाली. "आपण गप्प बसावं."

मग ती मॅडमकडे वळली आणि पट्टी चढत गेली. "गॅस भरलेला हाय. गळत नाय. शेगडी बंद हाय, कारन काल मी तिच्यावर दूध उतू घातलं. मी! माज्या हातानं! लोक म्हनले घर हाय, घाला, म्हनून घातलं. लिहा तुमच्या मोबाइलमदी, तुळसाबाईनं अक्कल गहान टाकली. पन गॅस गळतो असं लिहू नका. इसकी बच्ची घुमती है इस गाडी में!"

रोपवेच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मॅडमचा हात मोबाइलवर तसाच. "दूध... मुद्दाम?" त्यांनी विचारलं. हसू दाबत होत्या, दाबता येत नव्हतं. आत्याला ते दिसलं. तिनं पिशवी उचलली आणि उतरली.

रस्त्याकडेला तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या. पण थंडीचे दिवस, काटक्यांवर दव. धूर, धूर, नुसता धूर. आत्या फुंकते, खोकते, शिव्या घालते. दगडाला, दवाला, येसाजीआजोबांना, दादाला. पाणी तापलं, काढा उतरला, चार मिनिटं झाली. मॅडम कप घ्यायला पुढे आल्या. आत्यानं आधी स्वतः एक घोट घेतला.

आणि सगळी कॉफी मातीत ओतली.

"आत्या!" दादा ओरडला. "पिण्यासारखी होती की! धुराची पन लोकांना आवडते!"

"चहाला चालतो धूर. कॉफीला लागला की ती मेली. मेलेली कॉफी मी कोनाला देत नाय. तुजी गाडी नापास झाली तरी देत नाय!" हे म्हणताना तिचा आवाज फाटला. नापास झाली तर काय होणार, हे तिथं तिच्याएवढं कोणाला माहीत होतं?

पुढे नीलाताईचा स्टॉल होता, सरबत, भजी, चहा. दोन गॅस पेटलेले. आत्या सरळ तिकडे.

"एक शेगडी दे गो जरा."

"दे म्हंजे? धंद्याची वेळ हाय माजी."

"दहा मिनटं."

"आनि माजं गिऱ्हाईक? तुजी ती मॅडम माज्याकडे चहा घ्यायची, तिला तू कॉफी पाजनार, ती पन माज्याच गॅसवर? बाई, पुढच्या वेळी भजी पन माज्याच कढईत तळून नेशील!"

"तुजा चहा बघितला मी. सकाळपास्नं उकळतोय. काढा झालाय त्याचा."

"मग कशाला आलीस?"

"कारन तुजी आग चांगली हाय!"

 नीलाताईनं भज्यांची कढई बाजूला ओढली. "दहा मिनटं. अकरावं झालं तर टोप रस्त्यावर."

मॅडमही तिथंच आल्या, आपलं नाळकं घेऊन. आत्याच्या टोपातलंच पाणी घेतलं, काट्यावर पावडर मोजली, गोल गोल धार धरली. आत्या तिरक्या डोळ्यानं बघत होती. धार थांबवून मॅडम थोड्या थांबल्या तेव्हा आत्याच्या तोंडून निघालंच, "हां, वेट."

मग दोघींनी कप बदलले. आत्यानं मॅडमची काळी कॉफी प्यायली. फार वेळ लावून प्यायली. "चांगली हाय," ती चिडून म्हणाली. चांगलं म्हणायचाही राग आला होता तिला. "बिया कधी भाजल्यात?"

"मागच्या आठवड्यात."

"तरीच. माजी दोन महिन्यांची हाय."

मॅडमनी आत्याची प्यायली. "मावशी, खूप छान आहे. खरंच. फक्त... जायफळ किंचित जास्त झालंय का?"

नीलाताईनं कढई परत ओढता ओढता श्वास धरला. दादानं डोळे मिटले.

"झालंय," आत्या म्हणाली. "तीनदा खवलं गेलं. रागात माजा हात जड पडतो."

मॅडमनी मोबाइल काढला. दोन शब्द लिहिले, खोडले. शेवटी म्हणाल्या, "मी खोटं लिहू शकत नाही. शेगडी बंद आहे. पण एक करता येईल. मावशी, तुम्ही प्रत्येक ट्रिपला सोबत आलात तर मी आजच पास करते. 'यजमानासह' अशी वेगळी यादी आहे आमची. लोकांना खूप आवडेल. तुम्ही, ही कॉफी, हा राग पण!"

दादाचा चेहरा असा उजळला! "आत्या! झालं की मग!"

आत्या स्टॉलच्या फळीवर बसली. एवढ्या सगळ्या आरडाओरड्यात पहिल्यांदाच बसली. एक 'होय' म्हणाली असती तर दादा वाडीवर राहिला असता.

"नाय," ती म्हणाली.

"आत्या!"

"बावीस वर्षं 'तुळसा, कॉफी' अशी हाक आली की उठले. ताप असला तरी उठले. माज्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला पन उठले. आता कोनी हाक मारली तर मला वाटलं तर उठेन, नायतर नाय. आनि माजा राग बघायला कोनी भाडं द्यायचं नाय." मग दादाकडे बोट. "हा करील. शेगडीचा भाग आठ दिवसांत येतो. आठ दिवसांनी दुसरं मानूस पाठवा. ह्याला मी शिकवते."

"ह्यांना? ते तर कॉफी पीत पण नाहीत म्हणाले."

"तो बोलतो ते सगळं खरं मानता काय तुमी?"

मॅडमनी 'आठ दिवसांनी पुन्हा' असं लिहिलं. पास नाही, नापास नाही.

ते आठ दिवस वाडीवर कोणाला झोप नव्हती. दादानं पाणी उकळतं ओतलं, आत्यानं टोप उलटा केला. दादानं फडकं पिळलं, आत्यानं त्याचे कान पिळले. "घाई कसली? शेठची गाडी हाय काय ही? वेट! गाडी आधी सपाटीला लाव, मग टोप चढव, टोप अर्धाच भर! चालत्या गाडीत शेगडी नाय! घाटाआधीच काढा करून थर्मासमदी भर, वर गेल्यावर नुसतं दूध तापव! आनि काय बिघडलं तर तोंडावर सांग, 'बिघडलंय' म्हन, गळला-बिळला म्हनू नको!" येसाजीआजोबांना रोज तीन कप चाखायला लागले. तीही शिक्षाच होती. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुळसा, मला आता चहा पायजे गो," तर तिनं चौथा कप पुढे ठेवला.

आठव्या दिवशी शेगडीचा भाग येऊन बसला आणि नवव्या दिवशी दुसरा तपासनीस आला. आत्या गेली नाही. आमच्या वाडीत फोनला रेंज फक्त देवळाच्या वळणावर येते. ती दहा वाजता तिथं जाऊन उभी राहिली, ती हललीच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिनं काही ना काही सुनावलं. रूपालीवहिनी पोरीला कडेवर घेऊन आली तर तिलाही, "उन्हात कशाला आनलीस पोरीला? टोपी नाय काय?"

साडेबाराला फोन वाजला. आत्यानं तो कानाला लावायच्या आधीच दादाचा आवाज आम्हाला ऐकू आला.

"आत्या! पास! यादीत घेतली! शेठला फोन करून 'नाय येत' म्हनून सांगितलं मी! आत्या? ऐकतेस ना?"

आत्या ऐकत होती. दादाच्या आवाजाच्या मागे दुसरं काहीतरी घुमत होतं, तेही ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला.

"किशोर, इंजनाचा आवाज येतोय. गाडी चालवताना फोन करतोस?"

"आत्या, एकच मिनिट, पुढे वळन—"

"बाजूला घे! आत्ताच्या आत्ता बाजूला घे! ह्याच्यासाठी ठेवून घेतला काय तुला हितं? अक्कल हाय का नाय? घे बाजूला, मग बोल!"

इंजिन थांबल्याचं तिनं कान देऊन ऐकलं. मग तिनं फोन वहिनीच्या हातात दिला. "धर. तूच बोल. मी बोलले तर आनखी बोलेन."